चालतंय तोवर

"शेडबाळे, मला एकच सांगा. आज सकाळपासून एक तरी रिपोर्ट अडला का?"

डॉक्टर हेरलेकरांनी माझा अर्ज वाचून टेबलावर पालथा ठेवला होता. मी उभीच होते. शेजारच्या खुर्चीत कुंदाताई आवक नोंदवही मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"अडला नाही, सर," मी म्हटलं.

"मग जे चालतंय त्याला हात कशाला लावायचा?"

मिरजेत हेरलेकर लॅबोरेटरी म्हणजे मोठं नाव होतं. आसपासच्या दवाखान्यांतून, पार कर्नाटकातल्या खेड्यांतून रोज अडीचशे-तीनशे नमुने यायचे. रक्त तपासायचं मोठं मशीन आणि त्याला जोडलेले पाच कॉम्प्युटर यांच्यावर सगळा कारभार. मी तिथं टेक्निशियन म्हणून लागले, पण कॉम्प्युटरची आवड होती म्हणून हळूहळू त्यांची सगळी जबाबदारी माझ्याच गळ्यात आली. ते कॉम्प्युटर चौदा वर्षांपूर्वीच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायचे. ती बनवणाऱ्या कंपनीने तिच्याकडे बघणं कधीच बंद केलं होतं. अँटिव्हायरस तिच्यावर चढत नव्हता. एखादा भाग बिघडला की मी सांगलीच्या भंगार बाजारात जाऊन तसाच जुना भाग शोधून आणायची आणि बसवायची. बसला की सगळे म्हणायचे, पद्मजाच्या हाताला गुण आहे. त्याचा मला अभिमानही वाटायचा, हे खोटं कशाला बोलू?

डॉक्टर कंजूष नव्हते. त्यांना भीती होती ती काम थांबण्याची. फार पूर्वी, मी यायच्या आधी, त्यांनी एकदा सिस्टीम बदलली होती. तेव्हा दोन दिवस रिपोर्ट निघाले नाहीत, आणि एका नावाजलेल्या सर्जनने आपले सगळे पेशंट दुसऱ्या लॅबकडे वळवले ते कायमचेच. ते दोन दिवस डॉक्टरांच्या अंगात बसले होते. शिवाय मशीनच्या इंजिनिअरने सांगितलं होतं की नव्या सिस्टीमशी हे मशीन बोलणार नाही, मशीनही नवं लागेल. टेक्निशियन मंडळींनाही बदल नको होता. कोणतं बटण दाबलं की काय होतं हे त्यांच्या बोटांना पाठ झालं होतं.

"सिस्टीम बदलायलाच हवी, सर. काही झालं तर सगळं एकदम जाईल," मी पुन्हा म्हटलं. "दुरुस्तीला वाव राहणार नाही."

"लेखी दिलंत ना तुम्ही? ठीक आहे. योग्य वेळी बघू." आणि कुंदाताईंकडे वळून म्हणाले, "हुपरीकर बाई, आवकला घ्या."

कुंदाताईंनी माझ्यासमोर वहीत नोंद केली, अर्जावर शिक्का मारला. माझा तो दुसरा अर्ज. पहिला आठ महिन्यांपूर्वीचा होता, त्याचीही नोंद त्यांनीच केली होती.

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "तू तुझं काम केलंस, पदू. आता डोक्याला त्रास करून घेऊ नकोस."

कुंदाताई लॅबच्या ऑफिसच्या प्रमुख. माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी मोठ्या. डिप्लोमा झाल्यावर मी नोकरीसाठी आले तेव्हा डॉक्टरांनी जागा नाही म्हणून परत पाठवलं होतं. मला जिन्यावरून हाक मारून परत बोलावलं ते कुंदाताईंनी, आणि आत जाऊन डॉक्टरांना पटवलंही त्यांनीच. माझ्या बाळंतपणात सासूबाई आजारी होत्या, तेव्हा महिनाभर रोज सकाळी डबा आणून देणाऱ्या त्याच. आम्ही जैन, कांदा-लसूण खात नाही, म्हणून त्या माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात भाजी करायच्या. त्यांचा निनाद शाळेत असल्यापासून मला मावशी म्हणायचा. सख्खी बहीण नसल्याचं मला कधी जाणवलं नाही.

त्या दुसऱ्या अर्जाला पाच महिने झाले असतील. एका सोमवारी सकाळी मी लॅबमध्ये पोचले तर सगळे पाचही पडदे एकसारखे लाल. त्यावर इंग्रजीत मजकूर होता: तुमच्या फायली कुलूपबंद केल्या आहेत, उघडून हव्या असतील तर अमुक करा. सहा वर्षांचे रिपोर्ट, पेशंटची नावं, मागचे आकडे, सगळं त्यात. सुरक्षित म्हणून ठेवलेली प्रत ज्या डिस्कवर होती ती मी मुख्य कॉम्प्युटरला जोडूनच ठेवायची. तीही बंद झाली होती. ही माझी चूक, ती मी तेव्हाही मान्य केली आणि आजही करते.

डॉक्टर आले, पडद्यांकडे बघत राहिले, मग केबिनमध्ये जाऊन बसले. मी एकेक कॉम्प्युटर तपासायला घेतला. सुदैवाने रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर थोड्या खुणा शिल्लक होत्या. शनिवारी दुपारी पावणेचारला त्याला एक पेन ड्राइव्ह लावला गेला होता. त्यानंतर दहा मिनिटांत सगळीकडे पसरलं होतं, आणि रविवारी लॅब बंद असताना फायलींना कुलूप लागलं होतं.

शनिवारी दुपारी रिसेप्शनला कुंदाताई होत्या.

मी त्यांना स्टोअररूममध्ये घेऊन गेले आणि विचारलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. पुतणीच्या लग्नाची पत्रिका झेरॉक्सवाल्याने पेन ड्राइव्हवर घालून दिली होती, नावं बरोबर आहेत का ते बघायला त्यांनी ती उघडली होती. एवढंच. सांगता सांगता त्या खोक्यावर बसल्या आणि रडायला लागल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघत होते. नवऱ्याला अर्धांगवायू होऊन दोन वर्षं झाली होती, निनादचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं.

"माझी चारच वर्षं राहिलीत, पदू. कुणाला बोलू नकोस."

"नाही बोलणार," मी म्हटलं. "आणि तुमचा दोष नाही, ताई. दार उघडंच होतं. आज ना उद्या कुणीतरी आत आलंच असतं."

मला खरोखर तसंच वाटत होतं. त्याच दुपारी मी रिसेप्शनचा कॉम्प्युटर पूर्ण पुसून टाकला. तो परत वापरात आणायचा होता हे खरं, पण आधी तोच घेतला तो त्या खुणा जाव्यात म्हणून.

पुढचे अकरा दिवस आम्ही सगळं हातानं केलं. मशीन आकडा दाखवायचं, तो चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठीवरून रिपोर्टच्या कागदावर उतरवायचा, डॉक्टरांची सही घ्यायची. तीनशे नमुने. एका टेबलाभोवती सात माणसं, बोटं शाईनं माखलेली. जेवायलासुद्धा आम्ही पाळीपाळीनं उठत होतो.

नवव्या दिवशी चूक झाली. एकसष्ट नंबरचा नमुना आणि एकोणसत्तर नंबरचा नमुना. मराठी आकड्यात घाईनं काढलेला एक आणि नऊ किती सारखे दिसतात, हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. चिठ्ठी कुणी लिहिली, कुणी वाचली, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. टेबलावर आम्ही सगळेच होतो. एकसष्ट नंबर म्हणजे शिरोळकडचे अण्णाप्पा तेरदाळे. त्यांचं पोटॅशियम हृदयाला धोका व्हावा इतकं वाढलेलं होतं. रिपोर्टमध्ये ते एकदम ठीक दाखवलं गेलं, आणि त्या भरवशावर त्यांना ऑपरेशनला घेतलं. आमचा कॉम्प्युटर चालू असता तर त्यांचे मागचे आकडे शेजारी दिसले असते आणि कुणालाही शंका आली असती. ऑपरेशन टेबलावर त्यांचं हृदय बंद पडलं. तिथल्या डॉक्टरांनी ते परत चालू केलं. माणूस वाचला, पण एकोणीस दिवस अतिदक्षता विभागात राहिला आणि पुढे त्यांची जीभ जड झाली ती झालीच.

त्यांच्या लेकीने, राजमतीने, तक्रार केली. ज्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं त्यांनी चौकशी समिती नेमली. एक सर्जन, एक प्रशासक आणि पुण्याहून बोलावलेला एक कॉम्प्युटरचा जाणकार. आमच्या लॅबच्या वरच्या हॉलमध्ये चौकशी ठरली.

तारखेच्या आधीच्या आठवड्यात कुंदाताई आणि मी नेहमीसारख्या एकत्र जेवत होतो. त्यांनी माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यातली दोडक्याची भाजी आणली होती. जेवता जेवता म्हणाल्या, "तुझ्या त्या दोन अर्जांच्या कॉप्या घरी ठेवल्यास ना गं? उद्या लागतील."

मी सांगितलं की अर्ज लॅबच्या कॉम्प्युटरवरच टाइप केले होते, त्यामुळे बाकीच्याबरोबर तेही गेले. कागद डॉक्टरांच्या फाइलला असतील. पण त्याची काळजी नाही, आवक वहीत नोंद आहेच.

"हो, वही माझ्याकडेच आहे," त्या म्हणाल्या. "तू अजिबात काळजी करू नकोस." आणि माझ्या ताटलीत आणखी भाजी वाढली.

चौकशीच्या दिवशी आधी डॉक्टर बोलले. अगदी शांतपणे. म्हणाले की मी डॉक्टर आहे, कॉम्प्युटरमधलं मला कळत नाही. त्यासाठी जबाबदार व्यक्ती नेमलेली होती. सिस्टीम धोक्याची आहे असं त्यांनी मला कधी सांगितलं असतं तर मी एक दिवस थांबलो नसतो.

बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला धक्का बसला, पण फार नाही. मालक मालकासारखा वागणार, एवढी तयारी मनात होती. मी उठले आणि सांगितलं की मी दोन वेळा लेखी अर्ज दिले आहेत, त्यांची तारखेसह नोंद आहे. प्रशासकांनी विचारलं, नोंद कुठे आहे? मी म्हटलं, हुपरीकर मॅडमकडे.

कुंदाताई वही घेऊन पुढे आल्या. त्यांनी ती प्रशासकांसमोर उघडून ठेवली आणि दोन्ही तारखांची पानं काढून दिली. प्रशासकांनी बोट फिरवून पानं वाचली. मग विचारलं, "शेडबाळे यांचे अर्ज तुमच्याकडे आले होते का?"

"नाही सर," कुंदाताई म्हणाल्या. "असे अर्ज माझ्याकडे आलेले नाहीत."

मला वाटलं त्यांचा गोंधळ झाला. मी पुढे गेले, म्हटलं ताई, पान चुकलंय, मी दाखवते. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मी पानं उलटली. अर्जांच्या नोंदी नव्हत्या. वरखालच्या सगळ्या नोंदी होत्या, अनुक्रम नंबर तुटलेले नव्हते, फक्त माझे दोन अर्ज नव्हते.

मग मी थोडं मागचं पान काढलं. त्या पानावरच्या चार दिवसांत कुंदाताई नवऱ्याला घेऊन बेळगावला गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी वही मी लिहिली होती. त्या चार दिवसांच्या नोंदी जशाच्या तशा होत्या. पण अक्षर कुंदाताईंचं होतं.

सगळी वहीच नवी होती. दीड वर्षाची आवक त्यांनी पहिल्यापासून लिहून काढली होती. कुरिअर, बिलं, सरकारी पत्रं, हजाराच्या वर नोंदी, एकाच निळ्या पेनानं, ओळ न चुकता. असलं काम एका दिवसात होत नाही. आठ-दहा दिवस लागले असणार. म्हणजे दोडक्याची भाजी वाढली तेव्हाही त्या ते करतच होत्या.

मी म्हटलं, "ही वही खोटी आहे." मग मी पेन ड्राइव्हचंही सांगून टाकलं. शनिवार, पावणेचार, लग्नपत्रिका, सगळं. मी दिलेला शब्द मोडते आहे हे कळत होतं. तरी सांगितलं.

पुण्याच्या जाणकाराने मान वर केली आणि विचारलं की तो कॉम्प्युटर तपासता येईल का. मी मग म्हटलं, तो मी पुसून टाकला.

"का?"

"त्यांना वाचवायला."

माझ्याबरोबर अकरा दिवस एका टेबलावर बसलेले टेक्निशियन खाली बघत होते. राजमती तेरदाळे मात्र सरळ माझ्याकडे बघत होती. आमच्याच समाजातली, माझ्याच वयाची बाई. तिच्या नजरेत राग होता, तो मला समजला. पुरावा पुसणारी बाई तिच्यासमोर उभी होती.

मग कुंदाताई प्रशासकांना म्हणाल्या, "घाबरलीय ती, सर. लहान मुलगी आहे तिला. तिला जरा सांभाळून घ्या."

त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

माझी नोकरी गेली. चौकशीच्या कागदात लिहिलं गेलं की कॉम्प्युटरच्या देखभालीत माझा गंभीर हलगर्जीपणा होता आणि पुरावा नष्ट करण्याचा संशय आहे. नवरा म्हणाला कोर्टात जाऊ, अक्षरतज्ज्ञ मागू. आम्ही वकिलाकडे दोन खेपा घातल्या. पण तेवढ्यात डॉक्टरांनी तेरदाळ्यांशी आपसात मिटवलं, तक्रार मागे घेतली गेली, आणि कुणालाच तो विषय पुन्हा काढायचा नव्हता. मला तर अजिबात नव्हता. मिरजेत कुठल्याही लॅबने मला घेतलं नाही. आम्ही कोल्हापूरला बिऱ्हाड हलवलं.

दोन महिन्यांत हेरलेकर लॅबोरेटरीत नवं मशीन आलं, नवे कॉम्प्युटर आले, नवी सिस्टीम आली. पेपरात फोटो छापून आला होता. काम म्हणे फक्त अर्धा दिवस थांबलं.

या सगळ्यात मी एक गोष्ट धरून ठेवली होती. कुंदाताईंना ते करायला लावलं गेलं, असं मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. डॉक्टरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं असेल, दार लावलं असेल, नोकरीचा धाक घातला असेल. घरी आजारी नवरा, मुलाचं शिक्षण, काय करणार बाई? मी डॉक्टरांना मनातून वाट्टेल ते बोलले. ताईंना एकदाही बोलले नाही. माझी मुलगी विचारायची, कुंदामावशी येत का नाही? मी सांगायची, त्यांची अडचण आहे.

आठ वर्षं अशी गेली. गेल्या वर्षी पौषात निनादचा फोन आला. आई फार आजारी आहे, तुझी सारखी आठवण काढते, एकदा ये. मी दुसऱ्याच दिवशी गेले.

त्यांच्या घरी पुढच्या खोलीत कॉट टाकली होती. ताई एवढ्याशा झाल्या होत्या. निनादने मला खुर्ची दिली आणि तो औषधं आणायला खाली गेला. ताईंनी माझा हात हातात घेतला. बराच वेळ आम्ही इकडचं तिकडचं बोललो, माझ्या मुलीच्या बारावीचं, त्यांचा नवरा गेल्याचं. मग मीच विषय काढला. मला त्यांना मोकळं करायचं होतं. म्हटलं, "ताई, ते मनाला लावून घेऊ नका. डॉक्टरांनी तुम्हाला भाग पाडलं, मला माहीत आहे."

त्या छताकडे बघत राहिल्या.

"डॉक्टरांनी नाही सांगितलं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"त्यांना अर्ज आठवतही नव्हते. कधी फाइलला लावलेच नव्हते त्यांनी. चौकशीत ते जे बोलले ते त्यांना खरंच वाटत होतं. वही मी आपणहून लिहिली."

मी हात काढून घेतला नाही.

"तू अर्ज दाखवले असतेस तर तू सुटली असतीस," त्या सावकाश बोलत होत्या. "मग त्यांनी विचारलं असतं, ते आत आलं कुठून. आणि ते एकट्या तुला माहीत होतं. तुझ्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवू नये, एवढंच मला हवं होतं."

"मी कुणाला सांगणार नव्हते, ताई."

"माहीत होतं मला," त्या म्हणाल्या. "म्हणून तर रोज वाटायचं, आज लिहायचं थांबवावं."

त्यांना खोकला आला. मी उठून पाणी दिलं, चमच्याने, दोन घोट. उशी नीट केली. त्या डोळे मिटून पडल्या आणि पुटपुटल्या की आता बरं वाटतंय. त्यांना वाटत असणार. आठ वर्षं मी ज्याच्या आधारावर त्यांना माफ करत आले होते, ते त्यांनी काढून घेतलं होतं, आणि त्या हलक्या झाल्या होत्या.

निनाद मला खाली सोडायला आला. चांगला उंच, भरलेला माणूस झालाय, पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. म्हणाला, "मावशी, किती दिवस तुझं नाव घेत होती आई. काय सांगायचं होतं तिला?"

"जुन्या कामाचं काहीतरी," मी म्हटलं.

रिक्षा आली. तो लहानपणी करायचा तसा रस्त्यावरच नमस्काराला वाकला, आणि मी पाय मागे घेतले. त्याचा काही दोष नव्हता. तो तसाच अर्धवट वाकून माझ्याकडे बघत राहिला. मी रिक्षात बसले आणि स्टँडवर घ्या म्हणून सांगितलं.